हांक मारण्याचा संकोच

एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसांसाठीं पाश्चात्य देशांत 1970 च्या दशकापासून एक लहानसें यंत्र वापरांत आहे. गळ्यांत किंवा मनगटावर एक बटण बांधावयाचें; पडलें असतां तें दाबावें, म्हणजे मदत-केंद्रास इशारा पोंचतो, आणि तेथून शेजाऱ्यास, आप्तांस किंवा रुग्णवाहिकेस बोलावणें जातें. आमच्याकडेही मोठ्या आंकड्यांचे व पाठीवर लाल बटण असलेले फोन कित्येक म्हाताऱ्यांच्या कनवटीस दिसूं लागले आहेत.

परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. इंग्लंडांतील केंब्रिज येथें नव्वदी ओलांडलेल्या लोकांची वर्षभर पाहणी झाली. तिचा वृत्तांत 2008 सालीं प्रसिद्ध झाला. त्या वर्षांत 66 जण पडले. त्यांपैकीं 53 जणांस एकदां तरी आपले आपण उठतां आलें नाहीं, आणि 20 जण तासभर वा त्याहून अधिक वेळ जमिनीवरच राहिले. असें पडून राहिल्यानें कातडीस क्षतें पडतात, शरीरांतील पाणी आटतें, मूत्रपिंडेंही बिघडूं शकतात. इशाऱ्याचीं यंत्रें पुष्कळांपाशीं होतीं. तरी अशा बहुतेक प्रसंगीं त्यांचा उपयोग झालाच नाहीं. कोणीं तें अंगावर घातलेंच नव्हतें, कोणाचा प्रयत्न फसला; पण कांहींनीं समजून उमजून बटण दाबलें नाहीं.

समजून उमजून! हें वाचून आम्हांस आमच्या परिचयाच्या एका आजीची आठवण झाली. ती पावसाळ्यांतील एका रात्रीं मोरींत पडली आणि पहाटे शेजारीण पाण्याला उठेपर्यंत थंड फरशीवर तशीच राहिली. फोन कनवटीस होता. "आजी, बटण कां दाबलें नाहीं?" असें आम्हीं कांहींसें रागानेंच विचारलें. ती म्हणाली, "बाबा, मागं एकदां चुकून दाबलं गेलं होतं. पोरगा म्हणाला, आई, उगीच दाबत जाऊं नको, मी कामावर असतो."

दुसऱ्यास त्रास न देणें हा सद्गुण खरा. पण हीच आजी तरुणपणीं गांवांतील बाळंतिणींसाठीं मध्यरात्रीं कंदील घेऊन निघत असे. तिला उठविणारानें कधीं क्षमा मागितली नाहीं, व तिनेंही ती अपेक्षिली नाहीं. मग दुसऱ्याची हांक जिला ओझें वाटली नाहीं, तिला स्वतःची हांक अपराध कां वाटावी? यांत थोडा अभिमानही आहे, असें आम्हांस वाटतें; देण्यापेक्षां घेणें पुष्कळांस जड जातें. तरी अधिक दोष त्या 'उगीच' शब्दाचा. यंत्र देऊन मुलगा मोकळा झाला असें कित्येक म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं; पोटासाठीं पुण्यास राहणारानें दुसरें काय करावें? परंतु यंत्राबरोबर त्यानें एक वचन दिलें होतें, आणि तें एका शब्दानें परत घेतलें. चुकून आलेल्या हांकेस आपण जें उत्तर देतों, त्यावरच खरी हांक येईल कीं नाहीं हें ठरतें.

दिवाळींत तो गांवीं आला तेव्हां आम्ही त्याच्याशीं बोललों. त्यानें कांहीं उत्तर दिलें नाहीं. संध्याकाळीं मात्र तो अंगणाच्या टोकास जाऊन उभा राहिला व आईस बटण दाबावयास सांगूं लागला. तिनें भीत भीत दाबलें. "आलो, आई," असें म्हणत तो आंत आला. पुन्हां दाबावयास लाविलें, पुन्हां आला. तिसऱ्या वेळीं त्यानें मुद्दाम फोन उचलला नाहीं, तेव्हां पुढचा क्रमांक लागून शेजारीण पिठाच्या हातांनींच धांवत आली. तिचा क्रमांक त्यानें त्याच दिवशीं यंत्रांत घातला होता, आणि तिला सांगावयाचें मात्र विसरला होता.