हाताच्या तळव्याएवढा ढग

(चिंतनासाठी: १ राजे १८:४१-४६, लूक १२:५४-५६)



मे महिन्यात दुपारी चारनंतर गच्चीवर वाळवण काढायला जाणाऱ्या आपल्या भगिनींना एक दृश्य ओळखीचे झाले आहे. आपल्या धर्मग्रामातली तीन-चार मुले पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी असतात आणि सगळ्यांची तोंडे पूर्वेकडे असतात. एकाने गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आहे. दुसरा ढगांचे फोटो काढून तारखेनिशी जपून ठेवतो. तिसऱ्याच्या मोबाईलवर कुलाबा आणि वेरावली इथल्या रडारची चित्रे सतत उघडी असतात. यांना कोणी नेमलेले नाही, पगार नाही, परीक्षेत गुणही नाहीत. बदलापूर, ठाणे, डोंबिवली इथेही असे हौशी हवामान निरीक्षक आहेत. मे महिन्यात त्या सर्वांचे डोळे एकाच गोष्टीकडे लागलेले असतात. ती म्हणजे वळीव, विजांच्या कडकडाटासह येणारा उन्हाळ्यातला पाऊस.

एकदा मीही त्यांच्याबरोबर थांबलो. मुरबाडच्या दिशेला ढगांचे पांढरे मनोरे उभे राहिले होते. अंधार पडल्यावर त्यांच्या पोटात विजा चमकू लागल्या. आवाज मात्र येत नव्हता. "फादर, गडगडाट पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडून सहसा ऐकू येत नाही," एकाने समजावले. आम्ही तासभर थांबलो. विजा हळूहळू मंदावल्या आणि ढग विरून गेले. शहाडला थेंबही पडला नाही. मुले निमूटपणे खाली उतरली. जाताना एक जण म्हणाला, "उद्या."

असे का होते, हे त्यांनीच मला सांगितले. दुपारी समुद्रावरून दमट वारा आत येतो. घाटाच्या बाजूने कोरडी, तापलेली हवा येते. सह्याद्रीच्या उतारावर दोघांची गाठ पडते, हवा वेगाने वर चढते आणि ढग उभे राहतात. वरच्या थरातले वारे पूर्वेकडून वाहत असले, तर हे ढग मुरबाड, कर्जत, बदलापूरकडे उतरू लागतात. पण किनाऱ्याकडे सरकताना त्यांच्या पायाखाली समुद्रावरून आलेली थंड हवा येते. वर चढायला लागणारी उष्ण हवा तुटली की ढगाचा जोर संपतो. म्हणून बदलापूरला पाऊस कोसळतो, कल्याणला नुसता वारा सुटतो आणि मुंबईला क्षितिजावरची वीज बघून समाधान मानावे लागते. आपले शहाड या दोहोंच्या मध्ये आहे. इथे आशाही धरता येते आणि निराशाही पदरी पडते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनस यांचा आशेवरचा विचार मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ मला त्या गच्चीवर कळला. संत थॉमस सांगतात, आपण ज्याची आशा धरतो त्या गोष्टीला चार खुणा असतात. ती चांगली असते, कारण वाइटाची भीती वाटते, आशा नव्हे. ती भविष्यातली असते, कारण हाती आलेल्या गोष्टीचा आनंद होतो. ती कठीण असते, कारण सहज मिळणाऱ्या गोष्टीसाठी आशा धरावी लागत नाही. आणि ती शक्य असते, कारण अशक्य गोष्टीपुढे माणूस हताश होतो. ते असेही म्हणतात की तरुण माणसे आशेने भरलेली असतात, कारण त्यांच्यापुढे भविष्यकाळ मोठा असतो. "उद्या" म्हणणारा तो मुलगा मला आठवतो.

वळिवाला यातल्या तीन खुणा तंतोतंत लागू पडतात. तो पुढे यायचा असतो, कठीण असतो आणि शक्यही असतो. राहिली पहिली खूण. तो चांगला असतो का? कोणासाठी? हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नव्हता. तो १३ मे २०२४ रोजी सुचला.

तो सोमवार होता, फातिमा मातेच्या सणाचा दिवस. दुपारनंतर आभाळ काळवंडले, धुळीचे लोट उठले आणि या वेळी ढग वाटेत विरले नाहीत. बदलापूर, कल्याण, ठाणे ओलांडून वादळ थेट मुंबईत शिरले. गच्चीवर मुलांनी आनंदाने आरोळी ठोकली. मीही टाळ्या वाजवल्या, हे इथे कबूल करतो. वीज जवळ चमकू लागल्यावर आम्ही धावत खाली आलो, तेव्हाही सगळे हसत होते. थोड्याच वेळात त्याच मोबाईलवर बातमी आली. घाटकोपरला पेट्रोल पंपावर एक प्रचंड जाहिरातफलक कोसळला होता. त्या दुर्घटनेत १७ माणसांचे प्राण गेले. संध्याकाळच्या मिस्साबलिदानात त्यांच्यासाठी प्रार्थना करताना माझ्या तळहातांना ती टाळी आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका आजारी माणसाला प्रभुभोजन द्यायला निघालो होतो. वाटेत एक वीटभट्टी लागते. उल्हास नदीच्या खोऱ्यात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे घरदार सोडून भट्ट्यांवर येतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत माती तुडवतात, विटा थापतात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. आदल्या दिवशी ओळीने मांडलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल झाला होता. एक म्हातारी बाई त्या चिखलाकडे बघत बसली होती. मी विचारले, "मावशी, बरेच नुकसान झाले का?" ती म्हणाली, "पाऊस आला का इटा गेल्या, फादर. आता पुन्हा थापायच्या." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच ते शब्द मला जास्त लागले.

बंधुभगिनींनो, आमच्या टाळ्यांनी ते वादळ आले नव्हते, आणि तो फलक आम्ही उभारला नव्हता. मुलांची हौसही पाप नाही. देवाने निर्माण केलेल्या आभाळाकडे थक्क होऊन बघणे ही एक प्रकारची स्तुतीच आहे. पण ज्याची आम्ही इतके दिवस वाट पाहिली, ते येऊन कोणाच्या डोक्यावर कोसळणार, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. आमच्या आशेत आमच्याशिवाय कोणी नव्हते.

आता एलीया संदेष्ट्याकडे वळू या. तीन वर्षांचा दुष्काळ पडला आहे. एलीया कर्मेल पर्वताच्या माथ्यावर चढतो, जमिनीवर वाकतो आणि गुडघ्यांत डोके घालतो. सेवकाला मात्र तो समुद्राकडे बघायला पाठवतो. सेवक परत येऊन सांगतो, काहीच नाही. एलीया त्याला पुन्हा पाठवतो. असे सात वेळा होते. सातव्या वेळी समुद्रावर माणसाच्या तळव्याएवढा एक ढग दिसतो. आभाळाकडे टक लावून बसलेल्या माणसांची याहून जुनी कथा मला ठाऊक नाही. यात दोघे आहेत, एक वाकणारा आणि एक बघणारा. प्रार्थना करणाऱ्याने बघणे सोडले नाही, आणि बघणाऱ्याला 'काहीच नाही' हा निरोप सहा वेळा आणावा लागला. आजारपणात, बेकारीत, मुलांच्या लग्नाच्या काळजीत आपल्यापैकी कितीतरी जण आज त्या सहाव्या फेरीत आहेत. त्यांनी सातवी फेरी टाळू नये.

पण या कथेत ढग दिसल्यानंतर काय घडते, हे आपण वाचतो आणि विसरतो. ढग दिसताच एलीया आनंदाने नाचत नाही. तो अहाब राजाला निरोप धाडतो की रथ जुंपून खाली उतर, नाहीतर पाऊस तुला अडवील. हा अहाब कोण? एलीयाचा शोध घेत राज्योराज्यी माणसे पाठवणारा, त्याला इस्राएलचा छळ करणारा म्हणून हिणवणारा राजा. ज्या पावसासाठी एलीया गुडघ्यांत डोके घालून बसला, तो येताना दिसताच त्याच्या तोंडून निघालेले पहिले वाक्य म्हणजे दुसऱ्याला दिलेली सूचना आहे, आणि तीही शत्रूला.

माणूस दुसऱ्यासाठी आशा धरू शकतो का, असाही प्रश्न संत थॉमस विचारतात. त्यांचे उत्तर असे की एरवी नाही, पण प्रेमाने आपण त्याच्याशी जोडले गेलो, तर त्याचे भले ते आपले भले होते, आणि मग त्याच्यासाठीही आशा धरता येते. गच्चीवर आम्हाला हेच कमी पडले होते. रडारवर मुरबाड, घाटकोपर, नदीकाठ सगळे दिसत होते. तिथली माणसे दिसत नव्हती.

लूककृत शुभवर्तमानात प्रभू येशू लोकांना हेच सुनावतो. पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार, दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार, हे तुम्हाला कळते. मग हा काळ कसा ओळखता येत नाही? प्रभू हवामान जाणण्याला नावे ठेवत नाही. आभाळ वाचू शकणारे डोळे शेजाऱ्याच्या दारातले संकट का वाचू शकत नाहीत, हा त्याचा सवाल आहे.

आपल्या ख्रिस्तसभेत याची चांगली उदाहरणे आहेत. क्युबातील हवाना इथले येशूसंघीय धर्मगुरू बेनितो विन्येस वर्षानुवर्षे ढगांच्या आणि वाऱ्याच्या नोंदी ठेवत होते. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी चक्रीवादळाची पूर्वसूचना प्रसिद्ध केली आणि लोकांना सावध केले. फिलिपिन्समध्ये मनिला वेधशाळेतून फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ मध्ये तशीच सूचना दिली. ढगांना आज जी नावे जगभर वापरतात त्यांचा पाया १८०२ साली लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या एका औषध व्यावसायिकाने घातला. तोही हौशीच होता. हौस लहान गोष्ट नाही. ती कोणाच्या कामी येते, यावर तिचे मोल ठरते.

त्या सकाळचा प्रसंग मी मुलांना सांगितला. उपदेश केला नाही. आठवडाभर ती गच्चीवर आली नाहीत. मग त्यांच्यातला एक जण भट्टीवर जाऊन मुकादमाचा फोन नंबर घेऊन आला. आता घाटाकडे ढग उभे राहून इकडे सरकू लागले की मुले फोन करतात. आपल्या वर्गणीतून घेतलेली ताडपत्री तिथे ठेवलेली असते. २०२५ साली मे महिन्याच्या सुरुवातीलाच वळीव कोसळला, आणि मोसमी पाऊसही ११ जूनच्या नेहमीच्या तारखेऐवजी २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. १९५० पासूनच्या नोंदीत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. त्या वर्षी ८ जूनला आपण पेंटेकॉस्टच्या मिस्साला छत्र्या घेऊन आलो होतो. ताडपत्रीमुळे काही विटा वाचल्या, सगळ्या नाही. पण त्या मावशीने मुलांना गुळाचा चहा पाजला. अंदाज कधी कधी चुकतोही, आणि ताडपत्री फुकट अंथरावी लागते. तेव्हा मुले दुसऱ्या दिवशी जाऊन ती घडी करायला मदत करतात.

तीन गोष्टी आपण सर्वांनी पाळाव्यात, अशी विनंती आहे. गडगडाट ऐकू आला की गच्ची, मैदान आणि झाडाखालची जागा ताबडतोब सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते, ते मोबाईलवर घ्या. आणि आपल्या वस्तीत ज्याच्या घरावर पत्रा आहे, जो उघड्यावर काम करतो, जी एकटी राहते, अशा एका तरी व्यक्तीला ढग दिसताच कळवण्याची जबाबदारी प्रत्येक कुटुंबाने घ्यावी.

प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य पवित्र मारियेसह माडीवर प्रार्थना करत वाट पाहत राहिले. पवित्र आत्मा वाऱ्याच्या सुसाट आवाजासह आणि अग्नीच्या जिभांसह आला. तेव्हा ते माडीवर त्या अद्भुताचे कौतुक करत बसले नाहीत. ते लोकांमध्ये आले, आणि ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळेल असे बोलू लागले.

हे प्रभो, तळव्याएवढा ढग ओळखणारी नजर आम्हाला दे. 'काहीच नाही' असे सहा वेळा ऐकूनही सातव्यांदा बघायला जाण्याचे बळ दे. आणि आम्ही ज्याची आतुरतेने वाट पाहतो, ते येताना दिसले की आधी शेजाऱ्याला हाक मारण्याची बुद्धी दे. आमेन.

आपला धर्मगुरू