संध्याकाळी मुखवटा उतरवताना

पावसाळा सरत आला की तबेल्यात माश्या मातात. लीद ओली, वैरण ओलसर, मधूनच ऊन. माशी थेट घोड्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते, कारण तिथलं पाणी हेच तिचं खाणं. घोड्याला शेपटीनं पोट राखता येतं, पण शेपूट तोंडापर्यंत पोचत नाही. मग तो मान झटकतो, नाहीतर सोबत्याच्या शेपटीशी तोंड नेऊन उभा राहतो. दिवसभर हे सोसून डोळे लाल होतात, गळू लागतात. काही माश्या तर डोळ्याच्या कडेला कृमीच्या अळ्या सोडून जातात आणि तिथं महिनोन्‌महिने न भरणारी जखम होते. अशा घोड्याच्या तोंडावर बारीक जाळीचा मुखवटा चढवणं ही मोठी दया आहे. इंग्लंड-अमेरिकेत कुरणावर सोडलेल्या घोड्यांना तो सर्रास असतो. आपल्याकडेही रायडिंग क्लब आणि स्टड फार्मवर फ्लाय मास्क दिसू लागले आहेत.

प्रश्न रात्रीचा आहे. दिवस मावळला तरी तो मुखवटा तसाच ठेवावा का?

मला वाटतं, ठेवू नये. डोळ्यावर बसणारी माशी उजेडाची आहे. अंधार पडला की ती भिंतीला, दोरीला, छपराच्या वाशांना चिकटून गप्प बसते. ‘सरा’ हा घोड्यांचा जीवघेणा ताप पसरवणारी मोठी चावरी गोमाशीसुद्धा दिवसाच हिंडते. (त्या तापाचे परजीवी 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी तेव्हाच्या पंजाबात जनावरांच्या रक्तात पाहिले.) म्हणजे ज्यांच्यासाठी जाळी घातली, ते शत्रू रात्री झोपलेले असतात. घोडा मात्र फारसा झोपत नाही. चोवीस तासांत त्याची सगळी झोप तीन-चार तासांची, तीही तुकड्यातुकड्यांनी. उरलेली रात्र तो जागा असतो, चरतो, कानोसा घेतो, अंधारात बघतो. त्याचा डोळा जमिनीवरच्या प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, चकाकणारा पडदा असतो, तो आत आलेला उजेड परत फिरवून दुसऱ्यांदा कामी लावतो. आपल्याला नुसता काळोख दिसतो तिथं त्याला वाट दिसते. तेवढ्या उजेडातलाही काही उजेड जाळी खाते. म्हणजे रात्री गॉगल लावून रानात उभं राहण्यासारखंच ते. शिवाय पळून जीव वाचवणारा हा प्राणी. नीट न दिसणारी हालचाल त्याला जास्त बिचकवते.

पण रात्रीचे डास आणि चिलटं? हा आक्षेप खरा आहे आणि आपल्या हवेत तर फारच खरा. भारतात घोड्यांचे डॉक्टर एक विलक्षण गोष्ट पाहतात: घोड्याच्या डोळ्यात, पुढच्या भागातल्या पाण्यात, पांढऱ्या दोऱ्यासारखा जिवंत कृमी पोहत असतो. तो शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. हा कृमी मुळात गाई-म्हशींच्या पोटातला. डास गुराचं रक्त पितो, मग घोड्याला चावतो आणि अळी त्याच्या अंगात सोडतो. घोडा हे तिचं घर नव्हे. ती वाट चुकून शरीरभर भटकते आणि कधी डोळ्यात येऊन पोचते. हे ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग तर रात्री मुखवटा हवाच. पण डास पोटाला चावला काय, पायाला चावला काय, अळीला डोळा गाठता येतोच. डोळ्यावरची जाळी त्या डोळ्याला या कृमीपासून वाचवू शकत नाही. त्यासाठी सांडपाणी तुंबू न देणं, खिडक्या-दारांना जाळी, गुरांचा गोठा आणि घोड्याची जागा शक्य तितकी लांब ठेवणं, आणि वर एक चांगला पंखा. चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही, त्यामुळे पंख्यासारखा साधा उपाय कितीतरी काम करतो. आणि तबेल्यातला रात्रभर जळणारा दिवा बंद करावा, कारण किडे त्याच्यावरच झेपावतात.

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. बुबुळावर जखम असलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या घोड्यानं डोळा भिंतीला घासू नये म्हणून कडक वाटीचं आवरण रात्रंदिवस लागतं. वारंवार डोळ्यात दाह उसळणाऱ्या घोड्याला तीव्र उजेड सोसत नाही, त्याला दिवसा सावलीसारखा मुखवटा हवा.

एरवी रात्री तो राहतो, त्याचं कारण बहुतेकदा माशी नसते. संध्याकाळी जाऊन काढायला माणूस नसतो. एका मोतद्दाराकडे पाच-सहा घोडे, दाणा-पाणी, लीद काढणं, खरारा. त्यात सकाळी चढवलेला मुखवटा संध्याकाळी उतरवणं राहून जातं. मग कडेला घाम साचतो, कानामागे केस झडतात, जाळीच्या आत गवताचं कुसळ शिरून रात्रभर बुबुळावर घासत राहतं आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही. जाळी खिळ्यात अडकली तर घाबरलेला घोडा ती ओढतो, फाडतो, कधी पापणीही फाडून घेतो. घोड्याचा डोळा फार लवकर बिघडतो. सकाळी नुसतं पाणी येत असेल, तिथं रात्रीपर्यंत जखम चिघळू शकते.

म्हणून संध्याकाळची ती पाच मिनिटं मला मुखवट्याइतकीच मोलाची वाटतात. मुखवटा काढावा, उजेडाकडे तोंड करून दोन्ही डोळे पाहावेत. पापणी सुजली आहे का, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटतो आहे का, बुबुळावर निळसर धुरकट ठिपका आहे का. प्रत्येक डोळ्याला वेगळा ओला कापूस घ्यावा. मुखवटा उलटा करून झटकावा, धुऊन वाळत टाकावा. डोळा अर्धवट मिटलेला दिसला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांना फोन करावा. आणि ज्या घोड्याकडे संध्याकाळी कुणी फिरकणारच नाही, त्याला सकाळीही मुखवटा चढवू नये. त्याला दिवसा अंधारी छपरी द्यावी आणि लीद रोज लांब नेऊन टाकावी.