केदार की गोमुख? पालीच्या शिळेला विचारून पाहावं

सुट्टी आठ-दहा दिवसांची, गुडघे साठीला टेकलेले, चारही धाम एका खेपेत होणं अवघड. मग केदारनाथ करायचं, की गंगोत्री गाठून गोमुखापर्यंत जायचं? उन्हाळ्याच्या तोंडावर पालीसारख्या गावांतल्या घरांत हा वाद रंगतो. केदारनाथ 3,583 मीटरवर, पाठीशी चोराबारी हिमनदी. गौरीकुंडापासून सोळा-एक किलोमीटरची चढण. गंगोत्रीला गाडी देवळाच्या जवळपर्यंत जाते. गोमुख मात्र तिथून पुढे 18 किलोमीटर, पायीच, आणि वनखात्याचा परवाना रोज 150 जणांनाच मिळतो.

वाद वरवर पाहता सोयीचा. पण थोडं ऐकत बसलं की खरं गणित कळतं: जास्त त्रास कुठे, म्हणजे जास्त पुण्य कुठे. कुणी म्हणतं, खेचरावर बसून गेलं तर यात्रा अर्धीच. हेलिकॉप्टरनं जाणाऱ्याला तर मार्कच नाहीत. देव उंचीवर अधिक असतो आणि दम लागल्याशिवाय पावत नाही, हे गृहीतच धरलेलं.

हे गृहीतक निदान पालीत तरी टिकू नये. इथल्या बल्लाळेश्वराच्या, गणेशपुराणातल्या कथेत कल्याणशेठ वाण्याचा पोरगा बल्लाळ सवंगड्यांना घेऊन रानात एका शिळेची पूजा मांडतो. बापाचा संताप होतो. तो पूजा उधळतो, शिळा भिरकावतो आणि पोराला मारून झाडाला बांधून ठेवतो. बांधलेला बल्लाळ जाणार कुठे? त्याला चार पावलंही टाकता येत नव्हती. म्हणून गणपती ब्राह्मणाच्या रूपात त्याच्यापाशी आला आणि पोराच्या मागणीवरून तिथंच राहिला. अष्टविनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा गणपती हा एकच. भिरकावलेली शिळा म्हणजे देवळामागचा धुंडीविनायक, अशी श्रद्धा आहे. दर्शन आधी त्याचं घ्यायचं असा रिवाज. आठ गणपती दोन दिवसांत उरकायला निघालेल्या बसमधली मंडळी बहुधा तो चुकवतात.

केदारचं लिंग तरी काय आहे? नेहमीच्या घोटीव पिंडीसारखं ते नाही; बैलाच्या पाठीसारखी वर आलेली त्रिकोणी, खडबडीत शिळाच आहे. पालीच्या रानातली शिळा आणि हिमनदीच्या पायथ्याची शिळा यांत देवपण मीटरनं मोजायचं ठरवलं, तर बल्लाळाच्या कथेला अर्थच उरत नाही.

शिवाय हिमालयातल्या देवांनाही उंचीचा एवढा सोस नाही. भाऊबीजेला केदारनाथाची दारं बंद होतात आणि उत्सवमूर्ती पालखीतून उखीमठला उतरते. सहा महिने पूजा तिथल्या ओंकारेश्वराच्या देवळात. गंगोत्रीची गंगामाई दिवाळीनंतर हर्षिलजवळच्या मुखबा गावी येते. बर्फ पडला की देव खाली येतात, कारण पूजा करणारी माणसं खाली राहतात. हे सगळं रीतसर, वाजतगाजत होतं.

मग जायचंच कशाला, असं कुणी विचारील. प्रश्न जुना आहे. नामदेव ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला गेले खरे, पण सारा जीव पंढरीत अडकलेला. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही कथा तर घरोघरी माहीत आहे. या कथा प्रवासाला नाही म्हणत नाहीत. पोचणं म्हणजेच फळ, एवढंच त्या मानत नाहीत.

याचा ऐतिहासिक दाखला पालीच्याच रायगड जिल्ह्यात आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी, यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेला निघाले आणि 1857 च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटलेही गेले. पैसा गाठीला फारसा राहिला नाही. तरी परतताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावरून वरसईला आणली आणि आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घातलं. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक 1907 मध्ये छापलं गेलं. लोक ते झाशीच्या राणीसाठी वाचतात, पण ही कावडही तितकीच वाचण्यासारखी आहे. ज्यांना जाता येत नव्हतं, त्यांच्याकडे गंगा आली. बल्लाळाकडे गणपती आला, तसंच.

भीतीवरून निवड करणाऱ्यांसाठी एवढंच: जून 2013 मध्ये चोराबारी तलाव फुटून केदारनाथ उद्ध्वस्त झालं आणि 5 ऑगस्ट 2025 ला गंगोत्रीच्या रस्त्यावरचं धराली, मुखब्याच्या समोरचंच गाव, गाळाखाली गेलं. सुरक्षित असा पर्याय दोन्हींत नाही.

तेव्हा घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, तर गंगोत्रीच बरी. केदारचं दर्शन पाहणाऱ्यापाशीच राहतं. गंगोत्रीचं पाणी मात्र कॅनमध्ये भरून घरच्यांपर्यंत नेता येतं, आणि त्यासाठी गोमुखापर्यंत जायलाच हवं असंही नाही. आईवडिलांनाच केदारनाथ भेटवायचा असेल, पण छाती-गुडघे साथ देत नसतील, तर त्यांना खेचरावर बसवून सोळा किलोमीटर हिंदकळत नेऊ नका. भाऊबीजेनंतर उखीमठला न्या. उंची जेमतेम 1,300 मीटर, आणि गाडी देवळाजवळ जाते.