प्रवाळाचा रंग आणि त्याचें मोल

पोवळें म्हटलें कीं आमच्याकडील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें अंगठीतला तांबडा खडा उभा राहतो. तो भूमध्य समुद्रांतील एका प्राण्याचा सांगाडा, म्हणजे मृत वस्तु. अमेरिकेंतील हौशी लोक मात्र जिवंत प्रवाळ दिवाणखान्यांत पाळतात. काचेच्या पेटींत खारें पाणी, त्यास लाटेची गति देणारे पंप आणि वर निळसर दिवे, एवढी सामग्री जुळली म्हणजे समुद्राचा एक तुकडा घरांत नांदूं लागतो. या छंदाची निंदा करण्याचा आमचा विचार नाहीं. त्यांत जो एक प्रश्न दडला आहे तो तेवढा वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

खडक बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांचा नेहमींचा रंग तपकिरी असतो. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवालें राहतात व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास पोसतात; तो रंग त्या शैवालांचा. हिरव्या-नारिंगी छटा प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांच्या, आणि त्यांपैकीं कांहीं निळा प्रकाश शोषून निराळ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळें निळ्या दिव्याखालीं निखाऱ्यासारखा पेटलेला तुकडा उन्हांत पुष्कळदां साधा दिसतो. (बस्ता बांधतांना लुगडें दुकानाच्या दारांत नेऊन पाहणाऱ्या आमच्या आज्यांना हें निराळें सांगावें लागलें नसतें.)

या रंगांतही लाटा येतात. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत ‘अ‍ॅकन’ नांवाच्या प्रवाळाचें वेड पसरलें. वसाहतींतील एकेका जिवाची मोजदाद करून त्याची किंमत लावीत. पुढें ऑस्ट्रेलियाहून तोच माल भरपूर येऊं लागला. भाव उतरला आणि त्याबरोबर नवलाईही ओसरली. मग फुगीर फोडांच्या ‘बाउन्स मश्रूम’चा बोलबाला झाला, सोनेरी ‘टॉर्च’चा झाला, एवढ्याशा तुकड्यास शेंकडों डॉलर मोजणारे निघाले. एका अ‍ॅक्रोपोरास तर ‘होमरेकर’, म्हणजे संसार मोडणारा, असें नांव पडलें आहे. थट्टेनें दिलेलें नांवही कधीं कधीं फार खरें बोलून जातें.

‘अ‍ॅकन’चा भाव उतरला तेव्हां त्याचा रंग कांहीं उतरला नव्हता. मग उणें काय झालें? तें शेजाऱ्याकडेही आलें, एवढेंच. हिरा वाढत नाहीं, प्रवाळ वाढतो. त्याची फांदी तोडून दगडास चिकटवली कीं नवी वसाहत उभी राहते. म्हणजे मालक जितका दक्ष, तितका त्याचा ठेवा लवकर सामान्य व्हावयाचा. जो दुर्मिळतेवर लुब्ध आहे, त्यास दुसऱ्याच्या पेटींतील प्रवाळाची भरभराट मनांतून खुपल्याशिवाय राहत नाहीं. जिवंत वस्तूवरील प्रेमाची ही मोठी विपरीत गति आहे.

यावर कोणी म्हणतील, किंमत आहे म्हणूनच लोक तुकडे वाढवतात आणि समुद्रांतील खडक वांचतो. यांत तथ्य आहे. पण लाटेस रोज नवा रंग हवा असतो, आणि तो शोधावयास पुन्हा समुद्राकडेच वळावें लागतें. फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ सालीं मत्स्यपेटीवर पुस्तक लिहिलें. समुद्रजीवांवर त्यांचें निस्सीम प्रेम. परंतु त्यांच्या पुस्तकांनीं लागलेल्या गोडीनेंच इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतलीं डबकीं लोकांनीं ओरबाडून काढलीं. हें दुःख त्यांच्या मुलानें, एडमंड गॉस यांनीं, १९०७ सालच्या आपल्या आठवणींत नोंदवलें आहे. आपल्या देशांत २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचें कडक संरक्षण आहे. मालवणचे प्रवाळ पाहावयाचे तर समुद्रांतच उतरावें लागतें, आणि आम्हांस तें योग्य वाटतें.

तथापि याच हौशी लोकांत एक सुंदर रीत आहे. आवडत्या प्रवाळाचा एक तुकडा ते मित्रास फुकट देतात. उन्हाळ्यांत पाणी तापलें, रात्रीं वीज गेली, तर सगळी पेटी एका दिवसांत मरूं शकते; अशा वेळीं मित्राच्या घरीं वाढलेली फांदी परत मागून आणतां येते. आमच्या बायका अबोलीचीं रोपें शेजारीं देतात, त्यांतलाच हा प्रकार. असा तुकडा परत आणणाऱ्या गृहस्थास बाजारांत त्याचा भाव काय चालला आहे, हें विचारण्याचें भान तरी राहत असेल काय?