जुना फोन कोणाला द्यावा?

काशीच्या पंचगंगा घाटाला हे नाव पाच नद्यांवरून पडले. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच प्रवाहांचा तेथे संगम होतो अशी जुनी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती मात्र एकटी गंगा. मराठी माणसाला हा घाट परका नाही. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ तेथे आहे. बिंदुमाधवाचे आजचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींच्या नावाशी जोडलेले आहे. जवळच्या दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. एकनाथांनी आपल्या भागवताची समाप्ती १५७३ मध्ये काशीतच केली. आपल्या वाचकांना परिचित असलेले नहेम्या गोऱ्हे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, हेही याच शहरात वाढले आणि शास्त्रार्थ करीत करीत १८४८ साली बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचले.

'काशीस जाणे' याला मराठीत एके काळी निराळा अर्थ होता. वृद्धापकाळी घरदार मुलांच्या स्वाधीन करून काशीवासाला निघालेला माणूस परत यायच्या हिशेबाने निघत नसे. आगगाडी नव्हती तेव्हा वाट महिनोन्‌महिन्यांची होती. १८५७ साली उत्तरेकडे निघालेले वरसईचे विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीत सापडले. अशा माणसाच्या घरच्यांनी वाट पाहण्यावाचून दुसरे काय करावे? कार्तिकात पंचगंगेवर उंच वेळूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात, ते पितरांसाठी. ज्यांच्याशी आता बोलता येत नाही त्यांच्यासाठी दिवा लावावा, अशी ती रीत आहे. काशीवासी वडिलांचे आणि घरी राहिलेल्या मुलांचे नातेही जिवंतपणीच काहीसे तसे होऊन जाई.

आता त्याच पायऱ्यांवर उभे राहून यात्रेकरू गंगेचे पात्र थेट सोलापुरातल्या आईला दाखवतो. एवढेच नव्हे, तर या पुरातन नगरीला नव्या तंत्राचा मान बहुतेक शहरांच्या आधी मिळाला. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, जिओने ज्या चार शहरांत फाइव्ह-जी सेवेची चाचणी सुरू केली त्यांत दिल्ली, मुंबई आणि कोलकाता यांच्या जोडीला वाराणसी होते. दुसऱ्याच दिवशी एअरटेलने आठ शहरांची नावे जाहीर केली. त्यांतही नागपूरबरोबर वाराणसी होते. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइल सेवा सुरू झाली. त्या आरंभीच्या काळात आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. तेथून येथवर यायला आपल्याला अवघी सत्तावीस वर्षे लागली.

त्या दसऱ्याला एक गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवली नाही. आदल्या रात्रीपर्यंत जो फोन उत्तम चालत होता, तो सकाळी जुना झाला. त्याच्या अंगात काही बिघडले नव्हते. केवळ नव्या लहरी पकडण्याची सोय त्यात नव्हती. गंमत अशी की, फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा आहे, आणि लहरींची वारंवारता जितकी अधिक तितक्या त्या जाड भिंतींत लवकर विरतात. तेव्हा घाटामागच्या अरुंद गल्ल्यांत, दगडी भिंतींच्या आत, महागडा नवा फोनही मुकाट्याने पुन्हा फोर-जीवर येऊन बसू शकतो. ज्याला दिवसभर त्या भिंतींच्या आतच राहायचे आहे त्याने नव्या फोनासाठी कर्ज काढावे काय, हा प्रश्न जाहिरातीत बसत नाही.

वस्तू जुनी झाली हे ठरवायचे कोणी? आपल्या आजीच्या घरी तांब्याचा हंडा चेपला म्हणजे तांबटाकडे जाई, कल्हई उडाली म्हणजे कल्हईवाला दारात बसे. वस्तूचे आयुष्य वस्तूच सांगत असे. फोनाच्या बाबतीत हा अधिकार वस्तूकडून निघून गेला आहे. बॅटरी उतरू लागली तर ती बदलता येते, काच फुटली तर नवी बसते. या व्याधी बऱ्या होणाऱ्या आहेत. फोनाचा खरा अंत होतो तो बनवणारी कंपनी त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणे थांबवते तेव्हा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने आपापल्या उंची फोनांना सात वर्षे अशा दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनांच्या वाट्याला इतकी वर्षे सहसा येत नाहीत. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा अधिक त्याचा फोन दीर्घायुषी, आणि ज्याने काटकसर केली त्याचा अल्पायुषी. गरिबाला वस्तू अधिक वेळा विकत घ्यावी लागते, ही जगाची जुनी रीत येथेही चुकलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण नवा फोन घेतो, तेव्हा जुन्याचे काय करतो? बहुतेक सुशिक्षित मराठी घरांत याचे उत्तर ठरलेले असते. तो आईला देतात, नाहीतर घरी काम करणाऱ्या बाईंना. देताना मनाला बरे वाटते. वस्तू वाया गेली नाही आणि वडीलधाऱ्यांची सोयही झाली. या समाधानाकडे जरा निरखून पाहावे असे मला वाटते. तो फोन आपण का सोडला? तो मंद झाला, त्याची बॅटरी दुपारपर्यंत टिकेना, आणि त्यावर बँकेचे व्यवहार करायला मन धजेना. ज्या यंत्रावर आपला स्वतःचा विश्वास उरला नाही ते आपण सत्तरीच्या माउलीच्या हाती दिले. तिचे निवृत्तिवेतन याच फोनावरून कळते, तिचा सांकेतिक क्रमांक याच फोनावर येतो, आणि पोलीस असल्याची बतावणी करून धमकावणारा भामटा याच फोनावर तिला गाठतो. घरातल्या सर्वांत अननुभवी माणसाला सर्वांत कमकुवत कुलूप, अशी ही वाटणी आहे.

याला दान म्हणावे का? दानाचा विचार करणाऱ्या परंपरांनी, ख्रिस्ती असोत वा इतर, एक कसोटी फार पूर्वीपासून मानली आहे. देताना आपले काही कमी झाले का? जुना फोन देताना आपल्या पदरचे काही जात नाही. उलट कपाट मोकळे होते. मी असे म्हणत नाही की जुने देऊच नये. मोठ्याचा सदरा धाकट्याला घालण्यातच आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले, आणि त्यात कमीपणा नव्हता. पण सदरा ऊब देई, मोठ्याला दिली तशीच धाकट्यालाही. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनाचे तसे नाही. तो मुलाच्या हातात खेळणे असू शकतो आणि आईच्या हातात धोका.

एका चतुर वाचकाचा आक्षेप मला ऐकू येतो. आईला कशाला हवा उत्तम फोन? ती करते काय त्यावर, प्रार्थनागीते ऐकते आणि नातवंडांचे फोटो पाहते! हा आक्षेप वरवर व्यवहारी असला तरी त्यात एक माप दडलेले आहे. आपल्या गरजा आपण मोजून पाहत नाही. इतरांच्या गरजा मात्र आपण परस्पर ठरवून टाकतो. घाटावरचा नावाडी चांगला फोन बाळगतो म्हणून नाक मुरडणारे पर्यटक असतात. पण भाडे फोनावर घ्यायचे, सवारीशी बोलणे ठरवायचे, मुलाचा अभ्यास त्याच यंत्रावर व्हायचा, तर त्या नावाड्याला चांगल्या फोनाची गरज त्या पर्यटकाहून अधिक असू शकते. साधेपणाचा उपदेश नेहमी आपल्याहून गरीब माणसाला करण्याचा मोह होतो, आणि तो मोह आवरलेला बरा.

फोनानंतर येते योजना. येथे हिशेब जाणूनबुजून अवघड केलेला असतो असे माझे मत आहे. महिना अठ्ठावीस दिवसांचा धरला म्हणजे वर्षात बाराऐवजी तेरा वेळा पैसे भरावे लागतात. तेरा वेळा अठ्ठावीस म्हणजे तीनशे चौसष्ट; उरलेला एक दिवस कंपनी चौदाव्या भरण्यात घेते. या तक्रारी वाढल्या तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतन होणारी ठेवावी. अशी योजना आहे हे किती जणांनी विचारून घेतले?

दुसरी गोष्ट रोजच्या डेटाची. दिवसाला दीड वा दोन जीबी मिळतात आणि मध्यरात्री उरलेले संपतात. रानातल्या इस्राएल लोकांचा मान्ना येथे आठवतो. तोही त्या दिवसापुरताच होता आणि उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. पण तेथे लोभ होता तो साठवण्याचा, आणि येथे आहे तो संपवण्याचा. पैसे भरले आहेत, फुकट जाऊ नयेत, म्हणून माणूस रात्री साडेअकराला नको असलेली चित्रफीत पाहत बसतो. भूक नसताना ताट पुसून खाण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याला आपण काटकसर समजतो. ज्याला रोज अर्धा जीबी पुरतो त्याने दोन जीबींची योजना घ्यावी कशाला? शेजाऱ्याची तीच आहे म्हणून, याहून भक्कम कारण सहसा सापडत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट याहून वेगळी आहे. एके काळी थोडेफार पैसे एकदाच भरून आयुष्यभर येणारे फोन घेता येत. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जाची अट आणली; तेव्हा ती पस्तीस रुपयांची होती. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर त्यांपैकी एकीची अठ्ठावीस दिवसांची सर्वांत स्वस्त साधी योजना १९९ रुपयांवर गेली. पैसे भरले नाहीत तर काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. आपल्याला कोणी हाक मारावी, यासाठी हाक मारणाऱ्याने नव्हे तर ऐकणाऱ्याने दरमहा मोल द्यायचे! इंटरनेट न वापरणाऱ्या वृद्धांना डेटाचेही पैसे भरावे लागत. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने केवळ बोलणे आणि संदेश यांपुरत्या योजना ठेवणे बंधनकारक केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी चौऱ्याऐंशी दिवसांच्या व वर्षाच्या आसपासच्या अशा योजना आणल्या. एखादीचे जाळे गावात पोहोचत नसेल, तर २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. जाळे कोणाचे पोहोचते हे जाहिरातीवरून नव्हे, आई जेथे बसते त्या खोलीत उभे राहून पाहावे.

राहता राहिला तो कपाटातला तिसरा फोन, जो कोणालाच देण्याजोगा नाही. तो भंगारवाल्याकडे गेला की गोष्ट संपली असे आपण धरतो. उत्तर प्रदेशातले मुरादाबाद पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तेथे टाकाऊ यंत्रांतील पट्ट्या जाळून त्यांतले धातू काढण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला. स्त्रिया आणि मुलेही त्यात राबली. जळालेली काळी राख रामगंगेच्या काठी टाकली जाई, आणि २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाला त्याविरुद्ध दंडाचा आदेश द्यावा लागला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. फोन नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे वा कंपनीच्या संकलन केंद्रात देता येतो. रामगंगा कनौजच्या परिसरात गंगेला मिळते. तेच पाणी पुढे कानपूर, प्रयाग ओलांडून काशीला येते आणि पंचगंगेच्या पायऱ्यांना लागते.