दावणीला उरलेल्यांचे काय?

ऑगस्ट 2019मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तरीही नदीकाठच्या गावांतली कितीतरी माणसे घर सोडायला तयार नव्हती. गोठ्यात जनावरे होती. बोटीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही.

पाणी ओसरल्यावर मदत आली, ती मेलेल्या जनावरांची. आपत्ती निधीचे सध्याचे दर दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, वासराला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये असे आहेत. चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या खाली मिळत नाही. कोंबडीला 100 रुपये, पण एका कुटुंबाला जास्तीत जास्त 10,000. हजारो पक्ष्यांची शेड बुडाली तरी भरपाई शंभर पक्ष्यांचीच. मोठ्या दुभत्या जनावरांनाही तिनाची मर्यादा होती. राज्य सरकारने ऑक्टोबर 2025च्या पॅकेजमध्ये ती काढली, हे योग्यच झाले.

पण माझा आक्षेप दरापेक्षा मोजणीवर आहे. आपण मढी मोजतो. चार-चार दिवस पाण्यात उभी राहिलेली गाय वाचते, पण तिचे खूर सडतात, कासेला सूज येते, दूध आटते. कडब्याची गंज चिखलात जाते, डेअरीचे संकलन बंद पडते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. गुरे वेळेत उंचावर नेणाऱ्याने सरकारचे पैसे वाचवले. त्याच्या नावावर पंचनाम्यात एक ओळही नसते. आणि ज्याचे जनावर वाहून गेले, त्याच्याकडे शवविच्छेदनाला द्यायला काही उरत नाही.

सांगली-सातारा जिल्ह्यांच्या पूर्वेला मात्र वेगळी रीत आहे. माण, खटाव, आटपाडी, जत इथे दुष्काळात मदत जित्या जनावराला मिळते. 2019च्या चारा छावण्यांत सरकारने मोठ्या जनावराला दिवसाला 100 आणि लहानाला 50 रुपयांपर्यंत अनुदान दिले. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने छावणी चालवली, तिथे माणसेही गुरांसोबत राहिली. छावण्यांत गैरप्रकार झाले, त्यांची चौकशी व्हायलाच हवी. तरी खिल्लार गाय कसायाच्या दारी जाण्याआधी तिच्यापुढे वैरण पडली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मग पुराला छावणी का नको? निधीच्या नियमांत गुरांच्या छावणीची तरतूद आहेच. पलूस, मिरज, वाळवा, कराडच्या उंच जागा सर्वांना ठाऊक आहेत. जुलैआधी तिथे शेड, पाणी आणि सुका चारा तयार असला, तर स्थलांतराचा हुकूम निघताच माणूस जनावरांसह निघेल. त्या दिवसापासून प्रत्येक जित्या जनावरामागे पैसे थेट पशुपालकाच्या खात्यावर पडावेत.

मेंढपाळाचे दुखणे आणखी निराळे. दिवाळीनंतर माण-आटपाडीचे वाडे, म्हणजे कळपांसह निघालेली मेंढपाळ कुटुंबे, परमुलखात उतरतात. डिसेंबर 2021च्या अवकाळी पावसात पश्चिम महाराष्ट्रात मेंढ्या गारठून मेल्या, त्या अशाच उघड्या रानात. तिथला तलाठी परक्या मेंढपाळाला ओळखत नाही आणि कळपात किती मेंढ्या होत्या याला कागद नाही. जून 2024पासून राज्याने कानातला बिल्ला सक्तीचा केला. बिल्ला नसेल तर आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाई नाही. असे असेल तर बिल्ला मारायला पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी वाडा निघण्याआधी दारात यावे, आणि त्याच नोंदीवरून, जनावर कुठल्याही जिल्ह्यात मेले तरी, पैसे मिळावेत.