अपत्यार्थी दांपत्य आणि आपण

लग्नास दोन वर्षे लोटली की एक प्रश्न त्या घराभोवती फिरू लागतो : ‘काही विशेष?’ विचारणारा सहजच विचारतो. त्याच्या मनात दुष्टावा असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु सहज केलेल्या आघाताचा दोष मनुष्यास लागतो की नाही, हा नीतिविचारातील जुनाच प्रश्न आहे, आणि पेडणे व डिचोली तालुक्यांतील कित्येक घरांत तो आज जिवंत आहे.

2023 साली बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात टेस्ट-ट्यूब पद्धतीची चिकित्सा विनामूल्य सुरू झाली. पैशाचा भार त्यामुळे हलका झाला. मनाचा झाला नाही. स्त्रीस ओळीने आठ-दहा दिवस, कधी अधिक, सुया टोचून घ्याव्या लागतात. पेडण्याहून जाणारीस कोलवाळचा व मांडवीचा असे दोन पूल ओलांडून पुन्हा पुन्हा तपासणीस जावे लागते, आणि ‘आज कुठे निघालीस?’ याचे उत्तर प्रत्येक वेळी नवे शोधावे लागते. गर्भ उदरात ठेवल्यावर सुमारे दोन आठवडे केवळ वाट पाहणे. एवढे करूनही एका प्रयत्नात बहुधा यश येत नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्याने अशा चिकित्सालयांवर समुपदेशनाचे बंधन घातले आहे, ते योग्यच. पण समुपदेशक घरी येत नाही. घरी आपण असतो.

‘प्राक्तनात नसेल तर डॉक्टर काय करील?’ असे म्हणणारे धर्माचा आधार घेतात. दशरथाने ऋष्यशृंगास पाचारण करून पुत्रकामेष्टी केली, तेव्हा प्राक्तनाशी झगडतोस म्हणून त्यास कोणी दूषण दिले नाही. (गांधारीच्या शंभर कुंभांत आजची प्रयोगशाळा शोधणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत नाही.) कालिदासाचा दिलीप आम्हांस अधिक बोधक वाटतो. ‘रघुवंशा’त वसिष्ठ अनपत्यतेचा दोष सुदक्षिणेच्या माथी मारीत नाहीत, राजाकडून सुरभीचा अनादर घडला, हे कारण सांगतात. आणि नंदिनीमागे रानोमाळ हिंडतो तोही राजाच. आजचे वैद्यकही सांगते की, सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा स्त्रीकडील कारणासह, आढळते. तरीही आधी तपासणीस धाडली जाते ती सून; मुलाची तपासणी सुचविली की घरात अबोला होतो!

आमच्या घरी पूजेचा वारसा असल्याने देवापुढील गाऱ्हाणी आमच्या कानी पडतात. नवस करावा, प्रसाद लावावा. औषध चालू असता देवाकडे मागण्यात आम्हांस विसंगती दिसत नाही. मात्र कौल उजवा आला म्हणून औषध सोडणे, हा कौलाचा अर्थ नव्हे. दुसरे असे की, भरल्या सभामंडपात नावानिशी उच्चस्वराने घातलेले गाऱ्हाणे त्या दांपत्याचे गुपित गावभर करते. देवास हळू बोललेलेही ऐकू येते.

बारशास अथवा ओटीभरणास अशा स्त्रीस ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून वगळणारे स्वतःस दयाळू समजतात. वस्तुतः तिचा निर्णय त्यांनीच परस्पर घेतलेला असतो. बोलावणे जावे, ती आली तर इतरांप्रमाणे हळदकुंकू लावावे, न आली तर कारण विचारू नये. पण मग गप्पच राहावे काय? संपूर्ण मौनही टोचते. आमच्या मते भेद इतकाच की, जिने आपण होऊन सांगितले तिचे पुरते ऐकावे, मधेच दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता देऊ नये. जिने सांगितले नाही तिला उकरू नये.

सर्वांत कठीण प्रसंग प्रयत्न फसल्यानंतरचा. मृत्यू झाला तर सुतक असते, माणसे भेटीस येतात, शेजारून जेवण येते. येथे तसे काहीच नाही; न आलेल्या जिवाच्या शोकास आपल्या रिवाजात नाव नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई विहिरीवर, नवरा कामावर, पूर्ववत दिसतात. ज्यांस कळले असेल त्यांनी त्या दिवसांत पेजेचे भांडे घेऊन जावे, परसातल्या भाजीविषयी बोलावे, आणि पुढची तारीख केव्हाची, हे ती सांगेपर्यंत विचारू नये.